पंधरावर काटा

गुरुदासने व्होल्ट मोजायच्या मीटरच्या मागचे स्क्रू काढून बशीत ठेवले आणि झाकण उचललं. आत हिरवा गंज असेल अशी त्याची खात्री होती. मालवणच्या बंदरापासून इतक्या जवळ तांबं टिकत नाही. पण आत सगळं स्वच्छ होतं. तारा जागच्या जागी होत्या, सांध्यांवरचा डाख अजून चकाकत होता. त्याने सिलेक्टरचे कॉन्टॅक्ट पेट्रोलच्या फडक्याने पुसून काढले. फडक्याला नुसता पिवळट डाग लागला.

"बॅटरेत तांदूळ टाकले असते तर पेज झाली असती, मेस्त्री," दारातून हरिश्चंद्र म्हणाला. "पाणी सगळा आटला."

त्याच्या ट्रॉलरचा कटआउट बाकावर पडला होता. मुठीएवढी डबी ती. डायनॅमोकडून बॅटरीला किती व्होल्ट जायचे ते ती राखते. कमी गेले तर बॅटरी उपाशी, जास्त गेले तर उकळून कोरडी.

"मी पंधरार लावललंय," गुरुदास म्हणाला.

"तू कायमच पंधरार लावतस. वैनी होती तेवा असा कधी जावंक नाय."

बोलून गेल्यावर हरिश्चंद्र आपल्या चपलांकडे बघत राहिला.

"मीटर दगो देता," गुरुदास म्हणाला. "असता तेच्यापेक्षा कमी दाखवता. आज तेचो बिघाड काढतंय."

"काढ. पण सांजेक माका समुद्रात जावचा आसा. काल देवगडच्या म्होरे इंजिन बंद पडला. बॅटरी मेलेली. दिवो नाय, काय नाय. लोकांच्या होडयेन ओढून आणल्यानी." त्याने बाकावरच्या कटआउटकडे पाहिलं. "कणकवलीक एक मेस्त्री इलोहा म्हणतत. जिल्हो नवो, मेस्त्रीय नवो. परत असा झाला तर थंय नेतलंय. राग धरू नको. माझ्या ट्रॉलरार पाच माणसां असतत."

गुरुदासने मान हलवली. राग धरण्यासारखं त्यात काही नव्हतं.

हरिश्चंद्र गेल्यावर त्याने मीटर पुन्हा जोडला. काटा शून्यावर आणला. टॉर्चचे चार कोरे सेल ओळीने लावले आणि तारा टेकवल्या. काटा सहावर गेला. सेल बदलून पाहिले. पुन्हा सहा. केसभरही इकडे-तिकडे नाही.

तो बाकाला टेकून उभा राहिला.

त्याची बायको सुगंधा वैशाखात गेली. नारळी पुनवेनंतर ट्रॉलर समुद्रात गेले आणि तेव्हापासून त्याच्या हातून गेलेली एकेक बॅटरी आटून परत येत होती. कटआउटच्या स्प्रिंगा बदलून झाल्या होत्या. डायनॅमो उघडून झाले होते. राहिला होता मीटर. मीटर बिघडलेला असायलाच हवा होता. बिघडलेली वस्तू त्याला दुरुस्त करता येत होती. मीटर बरा असेल तर बिघडायला दुकानात तो एकटाच उरत होता.

मीटर बाकावर ठेवून चालत नसे. डायनॅमो फिरवणाऱ्या मोटरच्या हादऱ्याने काटा नाचायचा. म्हणून तो भिंतीजवळ एका खोक्यावर असायचा, आणि खोक्याच्या डावीकडे, भिंतीच्या अडचणीत, सुगंधाचं स्टूल. गुरुदास बाकाशी वाकून कटआउटचा स्क्रू फिरवायचा आणि ती सुकट निवडता निवडता आकडे सांगायची. मीटर तिला कळत नव्हता, आकडे कळत होते. तेरा, चौदा, पंधरा. पंधरा म्हटलं की तो हात थांबवायचा. आता तो स्क्रू फिरवून उठायचा, मीटरवर वाकून बघायचा आणि परत बाकाशी जायचा. स्टुलावर कोणी बसू नये म्हणून त्याने जुन्या तारांचं भेंडोळं ठेवलं होतं.

दुपार कलल्यावर अक्का डब्यातून पेज घेऊन आली. त्याची थोरली बहीण, दोन घरं सोडून राहायची.

"जेवक येवक नाय ता नाय, निरोप तरी धाडूचो. तू उपाशी रवलंस म्हणान ती काय परत येतली?"

"ठेव थंय."

"ठेवतंय. आणि तू खाय सर हलूची नाय."

तिने भेंडोळं उचलून जमिनीवर ठेवलं आणि स्टुलावर बसली.  कटआउट जोडून गुरुदासने मोटर चालू केली. पट्टा किरकिरला, डायनॅमो फिरू लागला. तो वाकून स्क्रू पिळू लागला.

"काटो हालता रे," अक्का म्हणाली.

"किती?" त्याच्या तोंडून गेलं.

"पंधरा."

त्याचा हात थांबला. तो उठला आणि मीटरवर वाकला.

"नीट बघ गो. साडेचौदा आसत."

"माझे डोळे अजून फुटाक नाय. पंधरा म्हणजे पंधरा."

तो तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि आपलं डोकं तिच्या डोक्याजवळ नेलं. काटा पंधरावर होता. उभा राहून वरून पाहिलं, तर साडेचौदावर होता. काट्याखाली आरशाची बारीक पट्टी असते. काटा आणि आरशातला काटा एकावर एक दिसले तरच आकडा खरा. बाजूने बघणाऱ्याला दोन काटे दिसतात आणि आकडा चुकतो. हे त्याला शिकाऊ होता तेव्हापासून ठाऊक होतं. सुगंधाला सांगायची कधी वेळ आली नव्हती. बॅटऱ्या टिकत होत्या.

पंधरा हा आकडा त्याने कुठल्या पुस्तकातून घेतला नव्हता. तो सुगंधाच्या तोंडून ऐकला होता, आणि तिचे पंधरा म्हणजे खरे साडेचौदा.

"म्हणजे मीटर बरो आसा?" अक्काने विचारलं.

"बरो आसा."

"मगे तोंड असा कित्याक केलंस? बरा झाला मां? हवा तर मी येतंय रोज. हंय बसान आकडे सांगतंय."

"नको गो अक्का."

 अक्काने झाकण उघडून डबा त्याच्यापुढे सरकवला आणि ती गेली.

त्याने स्क्रू सैल करून काटा खाली आणला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. आता वरून बघून साडेचौदावर थांबायचं, एवढंच काम होतं. त्याला कुणी सोबत लागणार नव्हतं. थोडं पिळून तो मीटरपाशी गेला आणि स्टुलावर बसला. चौदा. उठला, आणखी जरासं पिळलं, परत येऊन बसला. असं बऱ्याचदा केल्यावर तिथून काटा पंधरावर आला. त्याने मोटर बंद केली, कटआउट सोडवला आणि तो मांडीवर घेऊन पुन्हा स्टुलावरच बसला. पेज निवून गेली होती.

हरिश्चंद्र आला तेव्हा बाकाकडे बघून त्याने हाक मारली, मग त्याला गुरुदास कोपऱ्यात दिसला.

"थंय कित्याक बसलंस?"

"असोच."

"मीटर झालो?"

"मीटर बरोच होतो."

हरिश्चंद्राने कटआउट हातात घेतला. "कितीर लावलंस?"

"पंधरार."

"परत पंधरार?"

"ने तू. उकळाची नाय."

हरिश्चंद्र तसाच उभा राहिला. त्याने मेस्त्रीच्या तोंडाकडे पाहिलं, जमिनीवरच्या तारांच्या भेंडोळ्याकडे पाहिलं. मग कटआउट टॉवेलात गुंडाळला आणि बंदराच्या वाटेला लागला.

गुरुदास उठला नाही. स्टुलावरून समोर बाकाजवळची त्याची स्वतःची जागा दिसत होती. तिथे कोणी नव्हतं.