उस्तीनाच्या खाणीचं पाणी

मी पंप बोलतोय. आवाज घोगरा येतो, त्याला माझा इलाज नाही. आयुष्यभर गाळ गिळला की घसा असाच होतो.

माझा जन्म उरल पर्वतापलीकडच्या एका कारखान्यात झाला. जर्मनांशी लढाई अजून संपलेली नव्हती. कारखान्याच्या अर्ध्या भागावर छप्पर नव्हतं आणि माझं ओतकाम करणाऱ्या बायका तोंडाला ओलं गोणपाट बांधून राबायच्या. रणगाड्यांसाठी राखलेलं लोखंड काढून मला घडवलं, असं त्या एकमेकींना सांगायच्या, तेही जरा तक्रारीच्याच सुरात. अंग पुरतं थंड व्हायच्या आत मला मालगाडीत चढवलं आणि डोनबासला धाडलं.

डोनबास म्हणजे कोळशाचा मुलूख. जर्मन आले तेव्हा कोळसा त्यांच्या हाती लागू नये म्हणून आपल्याच लोकांनी खाणी पाण्यात बुडवल्या होत्या. जर्मन गेले ते वर उरलंसुरलं मोडून गेले. मी पोचलो तेव्हा गिरण्या थंड, आगगाड्या थंड, घराघरातल्या चुली थंड. कोळसा हवा तर आधी खाणीतलं पाणी काढायचं. पाणी काढायला मला वीज हवी, आणि वीज करायला पुन्हा कोळसाच हवा! शेवटी रुळांवर एक फिरतं वीजघर आणून उभं केलं. त्याच्या बॉयलरमध्ये लोक सूर्यफुलाचे वाळके दांडे घालायचे, पडक्या घरांचे वासे घालायचे, जुन्या ढिगाऱ्यांतून वेचून आणलेला कोळसा घालायचे. तेवढ्यावर मी चालायचो. कधी मधेच धाप लागून थांबायचो.

मला खाणीच्या तोंडातून साखळदंडांनी खाली सोडलं होतं. पाणी जसं उतरेल तसं मलाही खाली उतरवायचे. माझ्या शेजारी एक फळ्यांचा माचा टांगलेला होता, आणि त्या माच्यावर बसायची उस्तीना.

उस्तीना तिशीची असेल, दिसायची पन्नाशीची. नवऱ्याचा रबरी कोट अंगात, डोक्याला घट्ट रुमाल. कानानं माझी तब्येत ओळखायची. माझ्या जाळीत चिंध्या अडकल्या की दंडापर्यंत हात घालून काढायची. भिंतींवरून गार पाणी तिच्या पाठीवर ठिबकत राहायचं. एवढं करून रोजचा पाव मिळायचा, आणि तो वरच्या कामापेक्षा जास्त मिळायचा, म्हणून ती खाली आली होती. घरी एक लहान मुलगी होती आणि सासू होती, याव्दोखा.

तिचा नवरा पान्तेलेय याच खाणीत सुरुंग लावायचं काम करी. जर्मन जवळ आले त्या दिवशी त्याला हुकूम मिळाला: तळाशी जाऊन पंपघर उडवून दे. तो उतरला. नंतर माणसांचा पाळणा वर ओढणारा खाणीच्या तोंडावरचा मनोरा पाडला, सगळे पांगले, पान्तेलेय कोणालाच दिसला नाही. कागदावर त्याला नुसतं 'बेपत्ता' लिहिलं. बेपत्त्याच्या बायकोला ना पेन्शन, ना मान. कुणी म्हणे खाली मेला, कुणी म्हणे पळून जर्मनांना मिळाला. पाण्याच्या हौदावर बायका तिला बघून बोलणं थांबवायच्या.

सासू तर तिच्या कामावरच उठली होती. एकदा ती काठी टेकत खाणीच्या तोंडाशी आली आणि वरून ओरडली, "अगं ए, माझ्या मुलाला उपसायला निघालीस होय? पाणी आहे तोवर तो कुठेतरी जिवंत आहे. कशाला ढवळतेस?"

"घरी जा, आई. पाय घसरेल," उस्तीनानं खालून एवढंच उत्तर दिलं.

मग ती माझ्या पाइपाला टेकून बसली. तिच्या सोबतीला वार्का नावाची बाई असे, जिभेची तिखट. वार्का म्हणाली, "म्हातारीचं मनावर घेऊ नकोस."

"खोटं काय बोलली ती? मलाही तसंच वाटतं," उस्तीना म्हणाली. "हा मेला पंप थांबला की मला बरं वाटतं बघ. आणि थांबला की मीच धावते चालू करायला."

मला 'मेला' म्हणाली त्याचं वाईट वाटलं नाही. मला काय काम करायला लावलंय, ते त्या दिवशी कळलं.

असं आम्ही उपसत राहिलो. लढाई संपल्याची बातमी आली तेव्हा वर कोणीतरी अकॉर्डियन वाजवला. खाली पाणी होतं तसंच होतं. पुढच्या वर्षी पाऊस पडला नाही, शेतं करपली. बायका तेल काढून उरलेली पेंड चघळत माच्यावर बसायच्या. उस्तीना आपल्या पावाचा मोठा तुकडा रुमालात बांधून मुलीसाठी ठेवायची आणि माझ्या कुरकुरीवर चिडायची. पाणी उतरत होतं. खांब दिसू लागले, मग रूळ, मग खाली गाडे ओढणाऱ्या एका घोड्याचा सांगाडा. 

एका सकाळी पंपघराचा दरवाजा उघडा पडला. मुकादम निकिफोर कंदील घेऊन पुढे झाला, मागे उस्तीना आणि वार्का. निकिफोर लंगडा होता, लढाईतून लवकर परत आलेला. मला दरवाज्यातून आतलं सगळं दिसत होतं.

आत खाणीचे तीन मोठे पंप जागच्या जागी उभे होते. माझ्या दुपटीचे, माझ्यासारखे टांगलेले नाहीत, पाया घालून बसवलेले. त्यांना नखभरही धक्का लागलेला नव्हता; वीज तुटल्यावर ते नुसते थांबले होते, आणि खाण भरायला तेवढंच पुरलं होतं. पाण्यात गंज चढू नये म्हणून अंगावर बोटभर जाडीचं ग्रीस फासलेलं होतं, फटींतसुद्धा. मोटारींना ताडपत्री गुंडाळून वर डांबर चोपडलं होतं. सुरुंगाची दारू कोपऱ्यात तशीच पडून होती आणि तिच्या तारा गुंडाळून खिळ्याला अडकवल्या होत्या.

पलीकडच्या चढावर, जिथे पाणी सगळ्यात शेवटी पोचलं असणार, तिथे पान्तेलेय बसलेला सापडला. जे काही उरलं होतं ते. उस्तीनानं त्याला पट्ट्यावरून ओळखलं. तुटलेला पट्टा तिनंच मेणाच्या दोऱ्यानं शिवून दिला होता.

ती रडली नाही. एका मोठ्या पंपाजवळ गेली, ग्रीसवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "काका, सुरुंग उडवायला किती वेळ लागतो?"

"तारा जोडायच्या आणि वर पळायचं. कितीसा वेळ!" निकिफोर म्हणाला.

"आणि हे एवढं फासायला?"

निकिफोरनं कंदील पंपाजवळ नेला.

"दिवस घालवला असेल यानं," उस्तीना म्हणाली. "तोवर वरचा मनोरा पाडला. वाट बंद झाली. तारा जोडल्या असत्या तर रात्रीच्या जेवणाला घरी असता. लोखंडासाठी थांबला हा, काका. माझ्यासाठी नाही थांबला."

"बाई गं, हा थांबला नसता तर आपण अजून दोन वर्षं उपसत बसलो असतो," वार्का हळूच म्हणाली.

"उपसलं असतं," उस्तीना म्हणाली.

निकिफोर खिळ्याजवळ गेला. "पोरी, नीट ऐक. हुकूम पंप उडवायचा होता. यानं तो मोडला. हे वर कळलं तर याला गद्दार ठरवतील. पंप जर्मनांसाठी जपून ठेवले म्हणतील. तुझ्या मुलीला शाळेतसुद्धा उभं करणार नाहीत."

"पण त्यानं आपल्यासाठी जपले ना? परत येऊ तेव्हासाठी."

"ते तुला कळतं, मला कळतं. कागदाला कळत नाही."

उस्तीनानं पुढे होऊन स्वतःच त्या तारा खिळ्यावरून काढल्या. एक टोक दारूला जोडलं, दुसरं तोडून चिखलात सोडलं. "दारूला ओल आली," ती म्हणाली. "बार उडाला नाही. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिला. असंच ना, काका?"

"असंच," निकिफोर म्हणाला.

वरून अधिकारी आला, त्यानं पाहिलं, विचारलं, "आणि हे ग्रीस?"

वार्का फटकन बोलली, "कॉम्रेड, आमच्या खाणीत पंप असेच ठेवायचे. आमची माणसं गबाळी नव्हती." अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. उस्तीनाला पेन्शन लागली. याव्दोखा मुलाला मूठमाती देऊन आली ती अंथरुणालाच खिळली. उस्तीनानं शेवटपर्यंत तिचं केलं, दोघी एकमेकींशी फारसं बोलल्या नाहीत.

मोटारी सुकवून ते तीन पंप चालू झाले आणि मला कोणी विचारेना. थोड्याच महिन्यांत कोळशाचा पहिला गाडा वर आला. त्याच्यावर कोणीतरी फांद्या खोचल्या होत्या. मग आगगाड्या सुरू झाल्या, पोलादाच्या भट्ट्या पेटल्या, बाजारात साबण दिसू लागला. मला वर ओढून खाणीच्या फाटकाशी उभं केलं, शोभेला. शेजारी पान्तेलेयच्या नावाची पाटी लावली: हुकूम बजावताना प्राण दिले.

दर वर्षी तिथे भाषण व्हायचं. साहेब सांगायचे, पान्तेलेयनं शेवटच्या श्वासापर्यंत ती यंत्रं उडवायचा प्रयत्न केला. उस्तीना पुढच्या रांगेत उभी राहून ऐकायची. लोक टाळ्या वाजवायचे, तीही वाजवायची. जे त्यानं केलंच नाही त्याबद्दल त्याचा मान होत होता, आणि जे केलं ते तिला मुलीलासुद्धा सांगता येत नव्हतं. मुलगी पाटीवर फुलं ठेवायची, तेव्हा ती दुसरीकडे बघायची.

एका वर्षी, म्हातारपणी, सगळे पांगल्यावर ती माझ्यापाशी आली. निकिफोर तेव्हा हयात नव्हता, वार्काही नव्हती. मुलगी थोडी दूर, बसच्या थांब्याकडे निघाली होती. उस्तीनानं तिला हाक मारली.

"इकडे ये गं. बस जाऊ दे. तुझ्या बापाचं सांगायचंय."

आणि तिथेच, माझ्या पायथ्याच्या दगडावर बसून, तिनं सगळं सांगितलं. ग्रीसचं, तारांचं. मुलगी तिच्या शेजारी दगडावर बसली. मग म्हणाली, "म्हणजे बाबा कोणीतरी परत यायची वाट बघत होते."

"कोणाची?"

"आपली सगळ्यांची, आई."

उस्तीनानं तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावला आणि ती रडली. खाणीत काढलेल्या सगळ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं.

आता ती नाही. खाणही बंद झाली. खाली उपसा थांबला, पाणी पुन्हा चढतंय, मला जमिनीतून त्याचा गारवा जाणवतो. मी फार थकलोय. कोणी मला पुन्हा चालू करा असं मी म्हणणार नाही. एवढंच मागणं आहे: फाटकापाशी आलात तर पाटी वाचा, आणि त्यावर विश्वास ठेवू नका. खरा पान्तेलेय त्याच्याहून चांगला होता.