शिर गावात, धड रायपुरात

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. रायपूरच्या बूढापाऱ्यातल्या एका फोटोवाल्याकडे मी बरीच वर्षं लग्नं टिपली. मग सिलतऱ्याच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्या देवीदासजींनी मला आपल्या मुलीसाठी घेतलं. त्यांची भावना पुरातत्त्व शिकत होती.

शहरातल्या एका संग्रहात बुद्धाचं दगडी धड होतं, त्याला शिर नव्हतं. महानदीकाठच्या एका गावात मोहाच्या झाडाखाली पुजलं जाणारं शिर त्याचंच असावं, असं भावनाला वाटे. पण पूर्वी कोणीतरी ते उचलून न्यायला आलं होतं. तेव्हापासून गावकरी परक्याला जवळ फिरकू देत नसत.

"जबरदस्ती नको करू, पोट्टी," देवीदासजी म्हणाले. "त्या लोकायनं एवढं सांभाळलं, हे काय कमी हाय?"

"मले न्यायचं नाही, बाबा. फक्त पाहायचं हाय."

गावात पोचल्यावर पुजारी भैय्यालाल आडवे उभे राहिले. "देवता नइ जावय." देव इथून जाणार नाही.

भावनाने वाद घातला नाही. संग्रहात मी सगळ्या बाजूंनी टिपलेल्या फोटोंवरून संगणकावर जोडलेलं ते धड तिने लॅपटॉपवर फिरवून दाखवलं. मांडीवर ठेवलेले हात, पाठीवरची वस्त्राची चुणी. भैय्यालाल कितीतरी वेळ पाहत होते.

"एखर मूड़ नइ हे," ते हळूच म्हणाले. याला डोकंच नाही.

मग त्यांनी स्वतः देवाचा शेंदूर उतरवला. मानेची तुटलेली बाजू दिसावी म्हणून शिर गोणपाटावर अलगद आडवं केलं. इतक्या मायेने कोणी दगडाला हात लावलेला मी पाहिला नव्हता. भावना सगळ्या बाजूंनी फिरली आणि मी टिपत गेलो. संध्याकाळी देव पुन्हा आपल्या जागी बसला.

रायपूरला परतल्यावर पडद्यावर मानेचे दोन्ही तुटके काठ जुळले. खाचेत खाच बसली. भावनाच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे त्या चित्रावरून शिराची हलकी प्रतिकृती तयार झाली आणि धडावर बसली. भैय्यालाल गावकऱ्यांना घेऊन ती पाहायला आले. देवीदासजी हात जोडून उभे होतेच. भैय्यालालही त्यांच्या शेजारी उभे राहिले.

"इहां घलो हमरे देवता हे," ते म्हणाले. इथेही आमचाच देव आहे.

देवीदासजींनी मान हलवली. "हव, दादा. तुमचेही, आमचेही."

आता देवीदासजींच्या शंकर नगरच्या घरातल्या कपाटात मी पडून असतो. माझ्या काचेवर बुरशी धरली आहे. नव्या यंत्रांची नजर माझ्याहून तीक्ष्ण आहे, याचा मला आनंदच वाटतो. एवढंच मागतो, मित्रांनो: जुन्या दगडाकडे यंत्र रोखण्याआधी, ज्यांनी तो आजवर जपला त्यांच्याजवळ घटकाभर बसा.