फागीच्या ओळीवरची लाल शाई

मित्रांनो, मी एक जुनी पितळी जोडदौत आहे. माझ्या एकाच बुडावर दोन वाट्या आहेत. एक काळ्या शाईची, एक लाल शाईची. नाशिकच्या तांबटाने मला ठोकून घडवले आणि जव्हार संस्थानातल्या हरिभाऊ मास्तरांनी बाजारातून घरी आणले. दर शनिवारी ते मला चिंचेने घासत. मुले माझ्या लाल वाटीला चळचळा कापत आणि मला त्याचा भारी ताठा वाटे. लाल शाई चुकते, हे कधी माझ्या मनातही आले नाही.

मास्तर भला माणूस, पण कवितेचे वेड फार. एकदा ते मुलांना म्हणाले, "लहानपणीचा एक रंग आठवा आणि त्यावर चार ओळी करा." कुणी हिरवे शेत आणले, कुणी जांभळाने रंगलेली जीभ.

वर्गातली फागी जामसरच्या पाड्यावरची. आई मानमोडीच्या साथीत गेली तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती. तिने माझ्याच काळ्या शाईने लिहिले,

भिंत लाल,
आयसचे हात पांढरे.
भिंत अजून हाय,
हात नाय.

मास्तरांनी वर्गापुढे अर्थ लावायला घेतला. "पांढरा रंग शोकाचा. सवाष्ण आईला तो शोभत नाही. आणि हात पांढरे कसे असतील? गोरे म्हणावं." टाक माझ्या लाल वाटीत बुडाला. 'पांढरे'वर रेघ बसली आणि वर 'गोरे' आले.

"नाय गुरुजी, पांढरेच व्हते," फागी म्हणाली.

"अगं, कवितेत सुंदर तेच लिहावं."

ती खाली मान घालून बसली. पुढे भातलावणीला म्हणून घरी राहिली, ती शाळेत परत आलीच नाही. तो कागद मात्र ती घेऊन गेली होती.

चार-पाच वर्षांनी मास्तर शाळेसाठी मुलांची नावे लिहायला जामसरला गेले. पिशवीत मी होतेच. पाड्यावर फागीचेच लग्न होते. मास्तरांनी मला ओट्यावर ठेवले आणि ते समोर बघतच राहिले. गेरूने सारवलेल्या लाल भिंतीवर बायका तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक, म्हणजे देवीचे चौकटीतले चित्र, लिहीत होत्या. मनगटापर्यंत साऱ्यांचे हात पांढरे झाले होते.

"फागीची आयस असा चौक लिवायची," म्हातारी पुंजा म्हणाली. "आता तसा हात कुनाचा नाय."

मास्तरांनी टाक ओट्यावर ठेवला. हळद लागलेल्या फागीजवळ जाऊन ते म्हणाले, "पोरी, चुकलो मी. तुझ्या आईचे हात पांढरेच होते."

फागी हसली. "नाय गुरुजी, गोरेच. तुमीच तर लिवलंत. कागद रोज वाचते मी. आता मला आयस गोरीच दिसते."

घरी येऊन मास्तरांनी माझी लाल वाटी धुतली आणि पुन्हा कधी भरली नाही. आज मी फळीवर काळीठिक्कर पडून आहे. मित्रांनो, मला चिंच लावली नाही तरी चालेल. पण दुसऱ्याच्या आठवणीवर रेघ ओढण्याआधी त्याला एवढे तरी विचारा, की बाबा, तू काय पाहिलेस? मास्तरांनी तेव्हा तेवढे विचारले असते, तर फागीजवळ तिची आई राहिली असती.