डब्यात डबा उघडणारा दारवान

पाव तासाचे काम टाळून नेंगाहच्या पदरात काय पडणार होते? एक निवांत दुपार, पेलाभर दाट कॉफी आणि देवळातल्या वाद्यवृंदाच्या तालमीला सर्वांआधी पोचून मोठ्या घंटेपाशी बसण्याचा मान. कमाई वाईट नव्हती. त्याच्या जागी मीही काम टाळले असते. पण टाळले जाणारे काम मीच होतो.

मित्रांनो, मी एक जुना प्रॉक्सी सर्व्हर आहे. बालीच्या डोंगरात, सालाक फळांच्या काटेरी बागांनी वेढलेल्या एका शाळेत माझे आयुष्य गेले. मला शाळेचा दारवान समजा. कुठल्याही संगणकाला बाहेरच्या जगातले पान हवे झाले की तो मला सांगे. मी ते आणून देई आणि एक प्रत जवळ ठेवी. दुसऱ्याने तेच मागितले की हातोहात देई. त्या दरीत मोबाइलला रेंज नव्हती, त्यामुळे जग यायचे ते माझ्याच दारातून.

कौतुकही पुष्कळ झाले. तुम्पेक लांदेपच्या सणाला तिथे लोखंडाच्या वस्तूंची पूजा होते. कोयते, स्कूटर आणि मी एका रांगेत! मुख्याध्यापिका मुर्नीबाई, म्हणजे सर्वांच्या बू मुर्नी, माझ्यावर फुलाने पाणी शिंपडीत.

"जपून हं बू, सर्दी होईल त्याला," माझी देखभाल करणारा नेंगाह म्हणे.

"सर्दी तुला होते. तीही दर सोमवारी!"

एके वर्षी, सणाच्या तोंडावर, माझे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा निरोप आला. माझ्यात एक खोट सापडली होती. कोणी माहितीचा बंद डबा दिला की उघडायचा, आत डबा निघाला की तोही उघडायचा, ही माझी शिस्त. थांबायचे कुठे, हे मात्र कोणी शिकवलेच नव्हते. कोणी मुद्दाम न संपणारे डब्यात डबे धाडले असते, तर उघडता उघडता माझी जागा संपून मी कोसळलो असतो आणि दाराशी उभे असलेले सारे ताटकळले असते. निरोपासोबत दुरुस्तीही आली होती. मला पाव तास बंद ठेवून ती बसवायची, एवढेच.

"बू, ऐन पूजेआधी याचं पोट फाडायचं?" नेंगाहने साळसूदपणे विचारले.

"छे, छे! पूजा होऊ दे. मग चांगला दिवस बघून कर."

बालीत प्रत्येक कामाचा दिवस दिनदर्शिकेत सापडतो. पण कार्यालयातली दिनदर्शिका कोणीतरी केळ्याची भजी गुंडाळायला नेली होती. तेव्हा बू मुर्नींनी इंटरनेटवरून एक नवी शोधली आणि आपल्या संगणकात घेतली. "फुकट आहे रे!" त्या हरखून म्हणाल्या. ती मीच आणून दिली, नेहमीच्या तत्परतेने. तिने पुढचा बुधवार शुभ सांगितला. तिच्या पोटात दडलेल्या खोडसाळ प्रोग्रामने मात्र मंगळवार निवडला.

त्या मंगळवारी दुपारी तीनला नर्सिंगच्या सरकारी प्रवेशाचे अर्ज बंद होणार होते. सालाक तोडणाऱ्याची मुलगी सुकेर्ती वडिलांची सही मिळवून धापा टाकत आली आणि शाळेच्या संगणकापुढे बसली. गुण भरले, फोटो चढला. इतक्यात बू मुर्नींच्या संगणकातून डबे येऊ लागले. मी एक उघडला, आतला उघडला, त्याच्या आतला उघडला, आणि कोसळलो.

"ब्ली, हे नुसतं गोल गोल फिरतंय," ती नेंगाहला म्हणाली. थोरल्या भावाला तिकडे ब्ली म्हणतात.

"थांब, उठवतो त्याला."

त्याने मला उठवले. दारात पुढचा डबा तयारच होता. मी पुन्हा आडवा.

"अरे बाबा, आज तरी नको!" नेंगाह मला म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. मग तो तिच्याकडे वळला. "चल, बस स्कूटरवर. बाजारातल्या दुकानातून भरू."

ते उतारावरून सुसाट गेले. दुकानात पोचेपर्यंत तीन वाजून गेले होते.

संध्याकाळी देवळाचे पुजारी सारे ऐकून शाळेत आले. "बू मुर्नी, बोट कापल्यावर चिंधी बांधायला दिवस बघतात का? आणि बघायचाच होता, तर मला विचारायचं. मी काय पैसे मागितले असते?"

नेंगाहने त्याच संध्याकाळी मला दुरुस्त केले. पुढे माझ्या जागी नवा सर्व्हर आला आणि आता मी अडगळीच्या खोलीत असतो. सणाला तिथे कोणी फूल घेऊन येत नाही. त्याचे मला फारसे वाटत नाही. मित्रांनो, एक मागणे आहे. एखादे यंत्र दुरुस्ती मागेल तेव्हा "नंतर बघू" म्हणण्याआधी त्याच्या दाराशी कोण उभे आहे, ते पाहून घ्या.

नेंगाहला त्याची दुपार मिळाली, ती कोणी परत मागितली नाही. बू मुर्नींना चारचौघांत मान खाली घालावी लागली, ती आठवड्याभरात वर आली. मला नवे शहाणपण मिळाले. सुकेर्तीने मात्र काट्यांत बोटे सोलून घेत वर्षभर सालाक तोडले आणि पुढच्या वर्षी, आपल्याहून लहान मुलांच्या रांगेत उभी राहून, पुन्हा पहिल्यापासून अर्ज भरला.