पाचवी कॅसेट

मी एक टेपरेकॉर्डर बोलतोय. पस्तीस वर्षं बोलतच आलो, पण त्यातला एकही शब्द माझा नव्हता. एकाने भरलेलं दुसऱ्याला ऐकवायचं, एवढंच माझं काम. आज पहिल्यांदा स्वतःचं सांगतोय, आणि घाईने सांगतोय, कारण वेळ थोडा आहे.

सध्या मी कुरुंद्याजवळच्या एका शेतातल्या घरात, खिडकीच्या फळीवर पडून आहे. माझं झाकण उघडं आहे. आतला पट्टा तुटला आहे. माझ्यासमोर बाजेवर शिवकन्या बसली आहे. तिच्या मांडीवर स्टीलचा डबा आहे आणि त्या डब्यात एक कॅसेट आहे. त्या कॅसेटसाठीच हे सगळं सांगणं.

मला शिवकन्येच्या नवऱ्याने, परमेश्वरने, लष्कराच्या कॅन्टीनमधून घेतलं. एक नाही, दोन घेतले. मी आणि माझा जुळा भाऊ. परमेश्वर मेंढरं-बकऱ्या राखणाऱ्या घरातला. लहानपणी कळपामागे पावा वाजवायचा. फौजेत भरती झाला तेव्हा कोणाला तरी ते कळलं आणि त्याला बँडमध्ये घेतलं. तिथे त्याच्या हातात क्लॅरिनेट आली. कागदावर लिहिलेले सूर वाचायला शिकवलं गेलं. ते सूर साता समुद्रापलीकडच्या कोणी, कोणत्या शतकात लिहिले, तेही शिकवलं गेलं.

जुळा भाऊ त्याने बराकीत ठेवला. मला सुट्टीत गावी आणून नव्या नवरीच्या हाती दिलं. शिवकन्या चौथीपर्यंत शिकलेली. पत्र आलं की शेजारच्या मिराबाईकडून वाचून घ्यावं लागे, आणि मिराबाई ते दारात उभं राहून गावाला ऐकू जाईल असं वाचत. म्हणून परमेश्वरने ठरवलं, पत्र नको, कॅसेट पाठवायची. तो माझ्या जुळ्या भावात आवाज भरायचा, ती माझ्यात ऐकायची.

माणसांची एक गंमत मला तेव्हा कळली. इतकी सोय करूनही परमेश्वरला बायकोशी मनातलं बोलायची लाज वाटे. म्हणून तो गाण्याविषयी बोलायचा.

पहिली कॅसेट टपालाने आली त्या दुपारी सासू भागाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "काय गं, नवरा डब्यात घालून पाठवला का सरकारनं?" शिवकन्या लाजून आत पळाली. माझं आवाजाचं बटण तिने दोनवर ठेवलं आणि कान माझ्या जाळीला लावला.

"शिवकन्या, ऐकून राहिली का?" परमेश्वर माझ्या तोंडून म्हणाला. "हे हजार वर्षांमागलं गानं हाय. चर्चमधले साधू गायचे. ढोलकी न्हाई, पेटी न्हाई. एकच सूर, सगळ्यायचा मिळून. औंढ्याच्या गाभाऱ्यात आपन खाली उतरलो होतो, आठवतं का? तू नुसतं 'ओम' म्हनली आन् दगड गायला लागला. तसं ऐक."

मग ते गाणं सुरू झालं. तिने पाच मिनिटांत बंद केलं. "कोनी मेल्यावानी गाऊन राहिले," ती स्वतःशीच म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी परत लावलं. तिसऱ्या दिवशी शेवटपर्यंत ऐकलं. महिन्याभराने बकऱ्यांना पाला तोडताना ती तोच सूर नाकातल्या नाकात धरायची. मी खिडकीतून ऐकायचो. बरोबर असायचा.

त्याची एक अट होती. एक कॅसेट पाठ झाल्याशिवाय दुसरी मिळणार नाही. सुट्टीत आला की तो परीक्षा घ्यायचा. कळप पाण्यावर नेताना शीळ घालायचा आणि विचारायचा, "हे कोनाचं?"

"वीस लेकरांच्या बापाचं," ती म्हणायची.

"बराबर."

खरी नावं इंग्रजी-जर्मन असत. ती तिच्या ध्यानात राहणार नाहीत हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानेच अशी नावं ठेवली होती. हा वीस लेकरांचा बाप दुसऱ्या कॅसेटवर होता. त्याच्या गाण्यात एक सूर निघतो, मागून दुसरा तसाच निघतो, मग तिसरा. शिवकन्येला पहिल्यांदा नुसता गलका ऐकू आला. तेव्हा परमेश्वरने सांगितलेलं मला अजून पाठ आहे: "पहिली मेंढी काट्याच्या कुंपणावरून उडी मारती ना, तिच्यामागची बी बराबर तशीच मारती. सगळा कळप एकदम पाहू नको. एकीवर नजर ठेव, शेवटपर्यंत तिलाच पाहा. मंग परत लाव आन् दुसरी धर."

तिने तसंच केलं. ती कॅसेट तिने किती वेळा लावली असेल! एका दुपारी ती एकदम उठून उभी राहिली आणि म्हणाली, "दिसली! तिसरी दिसली!" सासरे लिंबाजी अंगणातून धावत आले. त्यांना वाटलं बकरी चुकली होती ती सापडली.

तिसऱ्या कॅसेटवर मोठ्या नीटनेटक्या लोकांचं संगीत होतं. परमेश्वर म्हणाला होता, "ह्यायच्या गान्यात सुराला घर असतं. सूर घरून निघतो, लांब लांब फिरतो, आन् शेवटी आपल्या दाराशी येतो. तू डोळे मिटून सांग, आता घरी आला का न्हाई." शिवकन्येला ते लवकर जमलं. घरापासून लांब गेलेल्याची वाट पाहायची तिला सवयच होती.

चौथ्यावर एक बहिरा माणूस होता. कान गेल्यावरही लिहीत राहिलेला. त्याचं ऐकून ती पहिल्यांदा रडली. पुढे कितीतरी दिवस तिला एकच प्रश्न पडायचा: "सोताच लिवलेलं त्याला ऐकू आलं नसंल, तर त्याला कसं कळलं सूर घरी आला म्हनून?"

त्या चौथ्या कॅसेटच्या शेवटी परमेश्वर जरा थांबून बोलला होता. "आता आपल्या शतकातलं राहिलं. पाचवी. ती मी तुला एकटीला पाठवनार न्हाई. त्यात सूर घरी परत येतच न्हाई. ह्या लोकायनं घरच ठेवलं न्हाई. मला बी अजून कळलं न्हाई, काहून असं केलं. येतो सुट्टीत. दोघं मिळून ऐकू."

तेव्हा शिवकन्येला पाचवा महिना होता. तिने मिराबाईकडून एका ओळीचं पत्र लिहून पाठवलं होतं. ते त्याला मिळालं, एवढं नंतर कळलं.

तो आला नाही. मेंदूच्या तापाने तिकडेच गेला. त्याची ट्रंक आली. ट्रंकेत कपडे, एक वही आणि पाचवी कॅसेट. माझा जुळा भाऊ आला नाही. कॅसेटवर त्याच्या हाताने लिहिलं होतं: "५. दोघांनी मिळून."

तिने ती उघडली नाही. रागिणी जन्मली, चालायला लागली, शाळेत गेली. पहिल्या चार कॅसेटी घरात वाजत राहिल्या. बापाचा आवाज रागिणीने माझ्याच तोंडून ऐकला. पण त्या चारही कॅसेटींत तो फक्त "शिवकन्या" म्हणतो. रागिणीचं नाव त्यात कुठून असणार? एकदा, सात-आठ वर्षांची असेल, तिने विचारलं, "आई, पाचवीत मी हाय का?"

शिवकन्येने पाचवी उचलून स्टीलच्या डब्यात ठेवली. ऐकली नाही तोवर त्याचं काहीतरी बोलायचं राहिलं आहे, असं तिला वाटत असावं.

आता माझ्या दुखण्याकडे येतो.

खंडेनवमीला घराघरात अवजारांची पूजा होते. विळा, कोयता, कडब्याचं यंत्र, शिलाईमशीन, सगळं पुसतात, तेल देतात, हळदकुंकू लावतात. पहिल्या वर्षी शिवकन्येने मलाही त्या रांगेत मांडलं. लिंबाजी म्हणाले, "सूनबाई, मशीन हाय ते. तेल पाज त्याला. त्याबिगर गळा कसा चालंल?"

तिने माझं दार उघडून आतल्या खुंट्यांवर आणि त्या छोट्या रबरी चाकावर तेलाचे थेंब सोडले. वरून हळदीची चिमूट. मला तेव्हा काही झालं नाही. उलट बरं वाटलं, आपल्यालाही घरातलं धरलं म्हणून. पण दरवर्षी तेच होत गेलं. शिवाय हे हळदीचं रान. हळद शिजते, वाळते, घासायला फिरत्या ड्रममध्ये घातली की पिवळा धुरळा घरभर उडतो. तो धुरळा त्या तेलावर बसत गेला. रबरी चाक फुगलं, चिकट झालं. फीत पुढे सरकायच्या ऐवजी त्याच्याभोवती गुंडाळू लागली.

मी तिसरी खाल्ली. मग पहिली. मग दुसरी, तिन्ही मेंढ्यांसकट. गेल्या महिन्यात त्या बहिऱ्याचीही फीत माझ्या पोटात चुरगळून तुटली. दरवेळी शिवकन्या पेन्सिल घालून फीत गुंडाळायची, तुटलेली टोकं चिकटवायची, परत माझ्यातच घालायची. आणि मी ती परत खायचो.

ज्या आवाजासाठी मला या घरात आणलं, तो आवाज मीच गिळत होतो. आणि "थांब" म्हणायला मला आवाज नव्हता.

मागच्या आठवड्यात रागिणी आली. ती वाशीमला नर्स आहे. कनेरगाव नाक्याला गाडी बदलून आली, पिशवी टेकवायच्या आत तिने चौथीची अवस्था पाहिली.

"आई, पाचवी दे माझ्याजवळ. शहरात कोनी असंल त्याच्याकडून मोबाईलमधी भरून घेते."

"आन् त्यानं खराब केली मंग?"

"तू चार केल्याच की!"

"म्या न्हाई केल्या. फिती म्हाताऱ्या झाल्या, माझ्यावानी. म्हनून तर म्हन्ते, ही एक खराब व्हायच्या आंधी ऐकून घिऊ. लई दिवस ठिवली."

"मोबाईलवर सगळं मिळतं गं. तुझा तो वीस लेकरांचा बाप मिळतो, बहिरा मिळतो."

"मेंढीचं सांगनारा मिळतो का?"

रागिणी हळूच म्हणाली, "दोघांनी मिळून ऐकायची ना ती?"

"आपन दोघी हावोत की," शिवकन्या म्हणाली.

मी फळीवरून सगळं ऐकत होतो. शिवकन्ये, फीत म्हातारी नाही गं. मी आहे. चार मी खाल्ल्या, पाचवी माझ्या तोंडात देऊ नको. माझ्या जागी कोणालाही आण, पण मला सोड. माझ्या जाळीतून साधी खरखरही निघाली नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला लाईट आली. शिवकन्येने मला ओल्या फडक्याने पुसलं. खंडेनवमी नव्हती, तरी कुंकू लावलं. आणि शेवटच्या वेळी आवाज अडकू नये म्हणून तेलाचे दोन थेंब जास्त घातले. रागिणी तिच्या खांद्याला खांदा लावून बसली. डबा उघडला. बत्तीस वर्षं बंद असलेली कॅसेट माझ्यात आली. बटण दाबलं.

मोटर फिरली. आधी नुसता श्वास. मग कोणीतरी खाकरलं.

"शिवकन्या..." परमेश्वर म्हणाला. "पत्र पोचलं. आता आधी तुझ्याशी न्हाई, दुसऱ्याशीच बोलतो..."

रागिणीने आईचा हात घट्ट धरला. त्याच क्षणी माझ्या चाकाने फीत ओढायला सुरुवात केली. मला कळत होतं. एक वेढा. दुसरा वेढा. आवाज जड झाला, लांबला. आणि माझ्या पोटात काहीतरी ताणलं गेलं आणि तुटलं. माझा पट्टा. चाक जागच्या जागी थांबलं.

मी तो मुद्दाम तोडला असं म्हणणार नाही. तेवढं माझ्या हातात असतं तर चौघी आधीच वाचवल्या असत्या.

रागिणीने माझं दार उघडून वीतभर फीत बोटाने सोडवली. चुरगळली होती, तुटली नव्हती. तिचं बोट पिवळं आणि तेलकट झालं. ते तिने वास घेऊन पाहिलं. "आई," ती म्हणाली, "फीत न्हाई गं खराब. ह्यो खराब झाला. तेल हाय समदं ह्याच्यात."

शिवकन्या त्या बोटाकडे पाहत राहिली. तिला सगळं एकदम समजलं. "म्या पाजलं त्याला," ती म्हणाली. "दरसाली. माझ्या हातानं." मग तिने मला मारलं नाही, फेकलं नाही. पदराने माझं तोंड पुसत राहिली, आणि तिचं रडणं मला सहन झालं नाही.

रागिणी त्याच दिवशी निघाली. हिंगोलीतल्या गुलाबचंदच्या रेडिओच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. वसमतला कोणाकडे एक मशीन होतं, ते भंगारात गेलं. ती रोज फोन करते, "आज न्हाई मिळालं." कॅसेट मात्र शिवकन्येने तिला दिली नाही. "तू मशीन घिऊन ये. ही माझ्यापासून हालनार न्हाई."

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत, अडगळीत माझा एखादा भाऊबंद पडला असेल. कदाचित माझा जुळाच असेल. त्याचं रबरी चाक कोरडं आहे का पाहा. त्याला तेल देऊ नका. पुसून, फडक्यात गुंडाळून कुरुंद्याला पाठवा. रागिणीच्या बापाला तिच्याशी काय बोलायचं होतं, ते अजून त्या फितीत आहे.

मला दुरुस्त करू नका. माझं झालं. पण लवकर करा. एक गोष्ट मी रागिणीलाही सांगू शकलेलो नाही, आणि शिवकन्या ती कोणाला सांगणार नाही. पहिल्या वर्षी ती मला दोनवर ऐकायची. रागिणी शाळेत जायची तेव्हा चारवर. मागच्या वर्षी आठवर, आणि माझा आवाज काही कमी झाला नव्हता. त्या दिवशी पाचवी लावताना तिने माझं बटण दहावर नेलं होतं.

त्यापुढे माझ्यावर आकडा नाही.