नवस माझा, चढण त्याची

नवस मी बोलले आणि चालायचं माझ्या नवऱ्यानं, देओलिंदोनं. आमच्याकडे आई बोलते नि लेकरू फेडतं, मग बायको बोलली तर काय बिघडलं? पण त्यानं घर डोक्यावर घेतलं. म्हणे, "बोलायला तू, आणि फरपटायला मी?"

मातीच्या भिंतीतला ढेकणासारखा किडा चावून त्याला लहानपणीच शागास नावाचा रोग झालेला. त्या दुखण्यानं आतल्या आत हृदय पोखरलं. पाय सुजायचे, आडवं झालं की जीव गुदमरायचा. गेल्या वर्षी तर आमच्या गावच्या टेकडीच्या वळणावर कोसळला. झोळीत घालून खाली आणला. मोंतिस क्लारूस शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, याच्या हृदयाच्या दोन बाजू एकाच वेळी आकसत नाहीत. छातीत यंत्र बसवून तारा सोडल्या की दोन्ही एकदम चालतील. मात्र गुण सगळ्यांनाच येतो असं नाही.

ऑपरेशन चाललेलं, मी बाहेर. बाळ येशूच्या दर्शनाला गेलेल्या तीन राजांना हात जोडले. हा वाचला तर तुमच्या सणाला तुमचं निशाण घेऊन टेकडीवरच्या शेवटच्या घरापर्यंत पायी येईल, म्हटलं. काय बाई माझी जीभ! नंतर कितीतरी दिवस तो अंगणाच्या पुढं जाईना. नवस मोडला तर राजे कोपतील, फेडायला गेला तर हाच जाईल, या धास्तीनं मला घास गिळवेना. मग हळूहळू सूज उतरली. एका सकाळी बघते तर गडी शीळ घालत सरपण फोडतोय.

सणाच्या दिवशी ढोलकं-गिटार घेऊन घरोघर राजांची गाणी म्हणणारी मंडळी निघाली. निशाण देओलिंदोच्या हातात. मागून मी, त्याची औषधं पोटाशी धरून. त्याच्या पाठीवरची नजर मी हलवली नाही.

त्याच वळणावर तो थांबला. मी औषधं काढू लागले. पण तो वळला आणि माझ्याकडे बघत राहिला. धापा मी टाकत होते.

"दमलीस गं, झुल्मीरा," तो म्हणाला. "बस. मी थांबतो तुझ्यासाठी."

किती वर्षं मीच थांबत आले होते त्याच्यासाठी. दगडावर बसले आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.

"रड, पण आटप लवकर," तो म्हणाला. "वरच्या घरी कॉफी निवतेय."

आणि निघालासुद्धा.