सावली उतरली तो गोल जिना

मी एक जुना गोल जिना आहे. लोखंडाचा, जाळीच्या पायऱ्यांचा, गोंदिया शहरातल्या एका बिडी गोदामाच्या मागच्या भिंतीला बिलगून उभा. मित्रांनो, जिन्याने स्वतःविषयी एवढं काय सांगावं, असं तुम्हाला वाटत असेल, तर आधी एखाद्या सिनेमात काम करून या. मग बोलू.

माझा जन्म नागपूरच्या एका भट्टीत झाला. मालगाडीतून मी सुट्ट्या तुकड्यांत आलो आणि इथे जोडला गेलो. काम साधं होतं. वरच्या माडीवर बिड्या तपासून घेत. बाया वळलेल्या बिड्या सुपात घालून वर चढत आणि दुसऱ्या दिवसाचा तेंदूपत्ता, तंबाखू त्याच सुपात घेऊन उतरत. मी पडलो अरुंद. त्यामुळे सूप डाव्या कमरेवर टेकवायचं, त्याला हाताचा वेढा घालायचा आणि अंग तिरपं करून उतरायचं, ही इथली रीत होती.

एका वर्षी सिनेमावाले आले. काळा-पांढरा सिनेमा होता. त्यात खून, फसवणूक आणि पाऊस न पडताच ओले दिसणारे रस्ते. गोष्ट म्हणे कुठल्याशा बंदराच्या शहरात घडते. गोंदियाला समुद्र! तेंदूपत्त्यावर पाणी शिंपडणाऱ्या आमच्याच बायांनी गल्लीत पाणी मारलं आणि झालं बंदर तयार.

नायिकेने माझ्यावरून उतरायचं होतं. समोरच्या चुन्याच्या भिंतीवर फक्त तिची सावली दिसणार होती. पण बाईंच्या चपलांच्या उंच टाचा माझ्या जाळीत अडकायला लागल्या. मला सुपांची सवय, टाचांची कुठली? शेवटी दिग्दर्शकाने बिड्या वळणाऱ्या शांतीबाईला पुढे केलं. ती तेव्हा नवी नवरी होती. तिला नायिकेची साडी नेसवली आणि हात मोकळे सोडून उतरायला सांगितलं. शांतीबाई झकास उतरली. डावा हात मात्र कमरेवरच्या नसलेल्या सुपाला वेढा घालून होता. दिग्दर्शक खूश! भिंतीवरची सावली काहीतरी चोरून नेते आहे, असंच त्याला वाटलं.

पुढे शांतीबाईने ही गोष्ट ज्याला त्याला सांगितली, पण कोणी मानली नाही. सिनेमात चेहरा नायिकेचा, नाव नायिकेचं. बाया तिला 'हिरोईन' म्हणून चिडवायच्या. घरचेही हसायचे. हळूहळू तिने सांगणंच सोडून दिलं. मला फार वाईट वाटायचं. साक्षीदार मी एकटा, आणि मला तोंड नाही.

मग गोदाम बंद पडलं. मला गंज चढला, माझ्या कुशीत कबुतरं राहायला आली. गेल्या महिन्यात मालक घनश्यामशेठने मला भंगारात काढायचं ठरवलं. एके दिवशी सकाळीच वेल्डर गुड्डू गॅसकटर घेऊन आला. योगायोगाने त्याच सकाळी नीतू आली. ती जवळच्याच कुडवा गावची, कॉलेजात शिकणारी. जुन्या सिनेमांमधल्या खऱ्या जागा शोधत स्कूटीवर हिंडायचं तिला वेड. ती एकदा मोबाइलवर त्या सिनेमातलं सावलीचं दृश्य पाही, एकदा मला.

"अंकल, हाच आहे तो जिना! कापू नका ना."

"बेटी, इंटरनेटवर तर कलकत्ता लिहून आहे," घनश्यामशेठ म्हणाला. "असे गोल जिने ढीगभर असतात. गुड्डू, चालू कर."

शांतीबाईचं घर गल्लीच्या तोंडाशीच. गडबड ऐकून ती काठी टेकत आली. "कायले कापता जी? ह्याच्यावरून मी उतरली होती. सिनेमातली ते सावली माही आहे."

"हाव आजी, तुमीच हिरोईन," घनश्यामशेठ हसला. नीतूही गालात हसली. तिचा मला तेव्हा भारी राग आला.

शांतीबाईला त्याहून जास्त आला. तिने काठी गुड्डूच्या हातात दिली आणि कठडा धरून ती चार पायऱ्या चढली. मी सगळे बोल्ट आवळून उभा राहिलो. सकाळच्या उन्हात तिची सावली समोरच्या भिंतीवर पडली. मग ती वळली आणि अंग तिरपं करून उतरू लागली. डाव्या हाताने आपोआप कमरेवर वेढा घातला.

नीतूने भिंतीवरची सावली पाहिली, मोबाइलवरची पाहिली. दोन्हीकडे तोच हात, तोच रिकामा वेढा.

"आजी, हात असा काऊन धरला?"

शांतीबाईने हाताकडे पाहिलं. तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

"सूप हाये ना तिथं, बाई," ती म्हणाली. "पडन ना ते."

नीतूचे डोळे भरून आले. तिने वाकून शांतीबाईच्या पायांना हात लावला. घनश्यामशेठने मोबाइल हातात घेतला आणि दृश्य पुन्हा पुन्हा पाहिलं. "अरे, हे तर आपली भिंत!" असं ओरडून त्याने गुड्डूला थांबवलं. "कापू नको रे. वरच्या पायऱ्या हलून राहिल्या, त्या जोडून दे."

नीतूने इंटरनेटवर कलकत्त्याच्या जागी गोंदिया लिहिलं, आणि आता लोक मला पाहायला येतात. शांतीबाई माझ्या खालच्या पायरीवर बसून सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगते आणि कोणी हसत नाही. मित्रांनो, मला तेलपाणी करा, रंग द्या, मी नाही म्हणणार नाही. पण तुमच्या घरातलं म्हातारं माणूस कधी म्हणालं, 'तिथे मी होतो', तर हसण्याआधी त्याच्या हातांकडे नीट बघा. तिथे सूप असेल.